ए. माल्कम, मुद्रक आणि आमच्या घरातला वाद

वीस वर्षांनी भेटलेल्या नवरा-बायकोने पहिल्या दहा मिनिटांत काय करावं, यावर आमच्या घरात चार मतं आहेत. चारही 'आउटलँडर'च्या एकाच भागावरून पडलेली. तिसरा सीझन, सहावा भाग, 'ए. माल्कम'. अमेरिकेत स्टार्झ वाहिनीवर तो 22 ऑक्टोबर 2017 ला पहिल्यांदा दाखवला गेला. आम्ही बराच उशिरा, लॉकडाऊनमध्ये पाहिला आणि तेव्हापासून अधूनमधून कुणी ना कुणी तो पुन्हा लावतंच.

मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धात नर्स असलेली इंग्रज बाई. युद्ध संपल्यावर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला आलेली असताना ती एका उभ्या शिळेला हात लावते आणि 1945 मधून 1743 मध्ये जाऊन पडते. तिथे तिचं जेमी फ्रेझरशी लग्न होतं, आधी गरज म्हणून आणि मग अगदी मनापासून. 16 एप्रिल 1746 ला कलोडनच्या माळावर जॅकोबाइट, म्हणजे हद्दपार स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या, सैन्याची धूळधाण होणार हे तिला इतिहासातून ठाऊक असतं. त्या दिवशी मरायचंच आहे असं ठरवून जेमी गरोदर क्लेअरला तिच्या काळात परत पाठवतो. तो मरत नाही. ती बॉस्टनमध्ये मुलीला वाढवते, सर्जन होते. दोन्हीकडे काळ सारखाच पुढे सरकतो, त्यामुळे इकडे 1968 असतं तेव्हा तिकडे 1766.

तो जिवंत आहे हे तिला एका छापील कागदावरून कळतं, आणि हे मला फार आवडतं. 1765 साली एडिनबरोत छापलेल्या एका लेखात, स्वातंत्र्य आणि व्हिस्की जोडीनेच चालतात, अशा अर्थाची ओळ सापडते. ती रॉबर्ट बर्न्सची ओळ, 1786 ची. 1765 मध्ये बर्न्स सहा वर्षांचं पोर होता. म्हणजे लिहिणाऱ्याला ती ओळ पुढच्या काळातून आलेल्या कुणीतरी सांगितलेली असणार, आणि क्लेअरनेच ती कधीकाळी जेमीला ऐकवलेली असते. खाली मुद्रकाचं नाव, अलेक्झांडर माल्कम. जेमीचं पूर्ण नाव जेम्स अलेक्झांडर माल्कम मॅकेन्झी फ्रेझर.

पाचव्या भागाच्या शेवटी क्लेअर छापखान्याचं दार उघडते. जेमी यंत्राशी वाकलेला, पाठमोरा. मदतनीस आला असं समजून तो न वळताच विचारतो, जॉर्डी का रे, किती हा उशीर! ती म्हणते, जॉर्डी नाही, मी आहे, क्लेअर. तो वळतो, बघतो आणि जागच्या जागी कोसळतो. तेव्हा दर आठवड्याला मालिका बघणाऱ्यांना इथे एक रविवार जास्तीचा थांबावं लागलं होतं; पाचवा भाग 8 ऑक्टोबरचा आणि सहावा 22 चा. दुसरा सीझन जुलै 2016 मध्ये संपला, त्यानंतर चौदा महिने कोरडे गेले, मग पाच भाग दोघं दोन वेगळ्या शतकांत. इतकं ताणल्यावर प्रेक्षकांच्या मनात त्या भेटीचं चित्र किती मोठं झालं असेल!

माझं मत या पाठमोऱ्या वाक्यावरच बनलं. माझ्या वडिलांचा मिरजेत छापखाना होता. एक पायाने चालवायचं ट्रेडल यंत्र, अक्षरांच्या खिळ्यांच्या केसेस, लग्नसराईत पत्रिका आणि एरवी बिलबुकं. गिऱ्हाईक आलं की बाबा पाठमोरेच बोलायचे, कारण यंत्र चालू असताना नजर हलवली तर ताव तिरका जातो, नाहीतर बोट जातं. जेमीचं यंत्र तर त्याहून दोनशे वर्षं जुन्या पद्धतीचं, लाकडी, हाताने दांडा ओढायचं. त्यावर एकाने चामडी गोळ्यांनी खिळ्यांना शाई लावायची आणि दुसऱ्याने ओलसर ताव चढवून दांडा ओढायचा. दोघं असतील तर तासाला फार तर 250 ताव निघत. माणूस एकटा पडला की कामाचा खोळंबाच. म्हणून तो जॉर्डीवर वैतागलेला आहे. आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण दारात उभा आहे आणि या माणसाच्या डोक्यात फक्त आजचं काम आहे. सहावा भाग त्याच सकाळी, पण जेमीच्या बाजूने सुरू होतो. तो उठतो, आवरतो, एडिनबरोच्या गल्लीतून चालत छापखान्यात येतो, कामाला लागतो. भाचीला ही सुरुवात उगीचची वाटते. मला वाटतं तिच्याशिवाय पुढचं काहीच उभं राहिलं नसतं. ज्याला विसरायचं असतं तो असाच जगतो. हातात काम धरून.

भाचीची तक्रार सरळ आहे. शुद्धीवर आल्यावर ही दोघं एकमेकांशी इतकं जपून का बोलतात? पावणेदोन तास नाही, पण तब्बल सव्वा तासाचा भाग, आणि त्यातला किती वेळ नुसतं बघण्यात आणि अडखळण्यात! ती एडिनबरोत शिकायला होती. तिथल्या रॉयल माइलवर, कॅननगेट भागात बेकहाउस क्लोज नावाची खरी गल्ली आहे. मालिकेतली कार्फॅक्स क्लोज म्हणून तीच दिसते, छापखान्याचा बाहेरचा दगडी जिना तिथलाच. जिन्यावर फोटो काढायला लोक ताटकळत उभे असतात म्हणे. भाचीनेही काढला, आणि मग दाराच्या आत ना यंत्र ना शाई हे बघून हिरमुसली. आतला सगळा सेट कंबरनॉल्डच्या स्टुडिओत होता. तिचं म्हणणं, त्या जिन्यावर उभं राहिलं की धावत वर जावंसं वाटतं, आणि मालिकेतली माणसं वर जाऊन "कशी आहेस" विचारतात.

तिला उत्तर दिलं ते वहिनीने. एरवी वहिनी या वादात पडत नाही. जेमी क्लेअरला, मी तुझा मुका घेऊ का, असं विचारतो, त्या ठिकाणी भाची म्हणाली, "बायकोला विचारतंय कोण!" वहिनी तिला म्हणाली, "तुझे बाबा कुवेतहून आले ना, की पहिले दोन दिवस मला विचारायचे, पाण्याचा पेला कुठे आहे. स्वतःच्या घरात! आणि मलाही त्यांच्यासमोर केस विंचरायला कसंतरी वाटायचं. हे तर वीस वर्षांनी भेटलेत."

दादा बरीच वर्षं कुवेतला होता. दोन वर्षांतून एकदा रजा. त्याला आणायला आम्ही सगळे जायचो, आणि मला आजही आठवतं, गाडीत दादा-वहिनीच्या मध्ये नेहमी कुणीतरी तिसरं बसलेलं असायचं आणि दोघांनाही ते हवंच असायचं. त्यामुळे वहिनी या भागातलं जे जे उचलून धरते ते भाचीला खुपणारंच असतं. दोघं एकमेकांचे कपडे उतरवताना थांबतात ते. बोलता बोलता विषय संपतो ते. पलंगावर जवळ येताना घाईत त्याचं डोकं तिच्या नाकावर आपटतं आणि दोघं हसतात ते तर वहिनीला सगळ्यात आवडतं. ती म्हणते, हे ज्याने लिहिलं त्याच्या घरात कुणीतरी लांबून परत आलेलं असणार. लिहिलंय मॅथ्यू रॉबर्ट्सने आणि दिग्दर्शन नॉर्मा बेलीचं. त्यांच्या घरचं मला काय माहीत, पण वहिनी ज्या खात्रीने हे म्हणते, त्यापुढे मला बोलवत नाही.

आत्या मात्र मुळीच मऊ पडत नाही. ती इंग्रजीची शिक्षिका होती, आता निवृत्त आहे, आणि डायना गॅबल्डनच्या कादंबऱ्या तिने मालिकेआधी वाचल्यात. तिचा राग फोटोंच्या प्रसंगावर आहे, आणि तिचाच नाही. पुस्तक वाचून आलेल्या पुष्कळ प्रेक्षकांना तो प्रसंग तेव्हाही खटकला होता. क्लेअर येताना ब्रिआनाचे फोटो घेऊन येते. जेमीने फोटो नावाची वस्तूच पाहिलेली नाही. जन्मापासून वाढत गेलेली स्वतःची मुलगी, जिला आपण आयुष्यात कधी भेटणार नाही असं तो तेव्हा धरून चाललाय, ती एकामागून एक त्याच्या हातात येते. तिचं नाव त्याच्या वडिलांवरून ठेवलंय, ब्रायनवरून ब्रिआना. कादंबरीत हा माणूस इथे पार कोसळतो, क्लेअरच्या कुशीत रडतो. मालिकेत तो हलतो, पण लगेच बिकिनीतल्या फोटोवर येतो, हिला असे कपडे घालू दिलेस का, म्हणून. आणि त्यापाठोपाठ आपल्या मुलाचं, विलीचं, सांगतो, त्याचं छोटं चित्र दाखवतो.

"मुलीला पाच मिनिटं सुद्धा दिली नाहीत," आत्या म्हणते. तिचा आवाज दरवेळी चढतो. "वीस वर्षं त्या पोरीसाठी त्याने बायको गमावली. रडायला हवं होतं त्याने."

आमचं याच्यावरून जुंपलेलं असताना दादा चहा घेऊन खोलीत आला होता. तो मालिका बघत नाही. पडद्यावर जेमीच्या हातात फोटो होते. दादा जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "त्याने एकही उलटून बघितला नाही. मागे तारीख नव्हती का?"

वहिनी कुवेतला फोटो पाठवायची तेव्हा प्रत्येकाच्या मागे तारीख लिहायची, आणि भाचीची उंची. दारामागे पेन्सिलने खूण करून फूटपट्टीने मोजलेली. दादा म्हणाला की तिथे खोलीच्या भिंतीवर तो त्या उंचीच्या खुणा करायचा. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वहिनीलाही नाही. आत्याने विचारलं, "रडायचास का रे?" तर म्हणाला, "पहिल्यांदा नाही. आधी नीट बघून घ्यायचो."

यानंतर माझं मत पक्कं झालं, आणि ते आत्याला अर्धं पटतं. जेमी रडला नाही हे मला चालतं. जेमी झालेल्या सॅम ह्यूअनचे डोळे त्या प्रसंगात फोटोंवर ज्या पद्धतीने फिरतात ते बघून घेणाऱ्याचेच डोळे आहेत. पण त्याला नीट बघू तर द्यायला हवं होतं! विलीची बातमी इतक्या लगेच आणणं ही चूकच आहे. दोन भाग आधी आपण जेमीला त्या मुलापासून तुटताना पाहिलेलं आहे, ती जखम आपल्या मनात ताजी आहे, त्यामुळे विलीचं नाव निघताच प्रेक्षक त्याच्याकडे ओढला जातो आणि ब्रिआना फोटोतच राहते. सव्वा तास होता. एका फोटोवर आणखी दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

वयाबद्दलही थोडं बोलणं होतंच. क्लेअर पन्नाशीची, जेमी पंचेचाळिशीचा, आणि पडद्यावर दोघं चाळिशीचीही दिसत नाहीत, अशी ओरड खूप जणांनी केली. मला तो मुद्दा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. निघण्यापूर्वी क्लेअर आरशासमोर पांढरे केस रंगवते आणि इकडे जेमी वाचायला चष्मा लावतो. एवढं मला पुरतं. क्लेअर झालेली कॅट्रीना बाल्फ त्या छापखान्याच्या दारात ज्या रीतीने उभी राहते, हात पुढे करावा की नाही हे न कळून, त्यात पन्नास वर्षं दिसतात.

खरा वाद दुसऱ्यांदा बघताना होतो, कारण तेव्हा पुढचं माहीत असतं. पुढे आठव्या भागात कळतं की जेमीने मधल्या काळात लीयरीशी, पूर्वी क्लेअरला चेटकीण ठरवू पाहणाऱ्या बाईशी, लग्न केलंय. सहाव्या भागात जेमीने मुलासारखा वाढवलेल्या फर्गसला क्लेअर दिसते, तो भरून येतो, आणि मग जेमीला बाजूला घेऊन काहीतरी विचारू लागतो. जेमी त्याला गप्प करतो, वकील नेड गोवनचा सल्ला घ्यायचं म्हणतो. पहिल्यांदा बघताना आम्ही ते वाक्य कानाआड केलं होतं. आता तिथे आलं की वहिनी रिमोट घेते आणि थांबवते.

आत्याचं म्हणणं, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर क्लेअर त्याच जिन्याने खाली उतरून गेली असती, आणि जेमीने घाबरून घेतलेला तो एक दिवस तिला मान्य आहे. भाचीही इथे आत्याआजीच्या बाजूने जाते. वहिनी म्हणते, मुका घ्यायची परवानगी मागतोस, मग हेही सांग. विचारायचं तर सगळं माहीत असलेल्या बाईला विचार. मी वहिनीबरोबर आहे. क्लेअर मुलगी मागे ठेवून आली होती, परत जाता येईल याची खात्री नसताना. छापखान्यात दार लावून ती दोघं बसली होती आणि जॉर्डी नोकरी सोडून निघून गेला होता. सांगायला वेळ होता, जागा होती. ती चिडली असती, खूप चिडली असती, पण ते ऐकून राहायचं की जायचं हे तिचं तिने ठरवलं असतं.