नोंदीत बंद, घरात चालू

लातूरमध्ये पिण्याचे पाणी शुद्ध करणारे आरओ फिल्टर विकणाऱ्या आणि त्यांची सर्व्हिसिंग करणाऱ्या एका दुकानाचे कार्यालय मी सांभाळते. या धंद्यात यंत्र विकून फारसे सुटत नाही. जे सुटते ते वर्षभराच्या देखभाल करारात, म्हणजे एएमसीत. त्यामुळे कोणता ग्राहक आज कुठवर आला आहे हे माहीत असणे, हेच माझे खरे काम आहे. चौकशी, पाहणी, कोटेशन, बसवणी, वॉरंटी, एएमसी, मुदत संपली, आणि सर्वांत शेवटी ‘बंद’, असे आमचे रकाने आहेत. पूर्वी ते लांब वहीत होते, मग एक्सेलमध्ये आले, आणि आता दरमहा भाड्याचे एक सॉफ्टवेअर आहे, जे मुदत संपल्यानंतरच्या तीन संदेशांना उत्तर आले नाही की ग्राहकाला कोणालाही न विचारता ‘बंद’मध्ये ढकलते.

हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आमचा भाग पाहिलेला नसावा. कोटेशन देऊन तीस दिवस उलटले की ते ती चौकशी ‘गमावली’ म्हणून लाल करते. आमच्याकडे औसा-निलंग्याकडचा शेतकरी जूनमध्ये भाव विचारतो, पावसाळाभर फोन उचलत नाही, आणि सोयाबीन आडतीवर घातल्यानंतर दिवाळीच्या आसपास तेच कोटेशन खिशातून काढून काउंटरवर ठेवतो. शिकवणीच्या भागात तर फोन नंबर घरमालकाचा, पाणी पिणारे भाडेकरू विद्यार्थी, आणि ते विद्यार्थीही परीक्षा झाली की बदललेले. बऱ्याच घरांत चौकशी वडील करतात, यंत्र आई वापरते आणि पैसे पुण्यातला मुलगा पाठवतो. यांपैकी ‘ग्राहक’ कोण, हे विचारण्याची सोय कोणत्याही रकान्यात नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात अनेक घरांनी आरओ बंद ठेवले होते, कारण घरगुती आरओ निम्म्याहून अधिक पाणी सांडपाण्याच्या नळीने बाहेर टाकतो आणि टँकरच्या पाण्याची अशी उधळण कोणालाच परवडणारी नव्हती. जुन्या वहीत त्या घरांपुढे ‘पाणी आल्यावर’ एवढेच लिहिलेले आहे. पाऊस झाल्यावर त्यांतली बहुतेक घरे परत आली. आजच्या सॉफ्टवेअरने ती सगळी मे महिन्यातच बंद केली असती.

यंदाच्या उन्हाळ्यात मालकांनी हा ‘बंद’ रकाना एकदा फोन करून साफ करून टाकायला सांगितले. त्या यादीत एका सेवानिवृत्त शिक्षकांचे नाव होते. एएमसी संपून दोन वर्षे झालेली, तिन्ही संदेशांना उत्तर नाही. त्यांच्या घरचा फोन काकूंनी उचलला. करार पुन्हा सुरू करायचा का, असे मी विचारले, तर त्या चकित होऊन म्हणाल्या, “अहो ताई, चालूच हाय की. तुमचा पोरगा दर तीन महिन्याला यायलाय. आता परवाच येऊन गेला. फक्त पाणी जरा मचूळ लागायलंय बघा.”

मी सहसा ग्राहकाच्या घरी जात नाही, पण त्या दिवशी टेक्निशियनबरोबर गेले. यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही एक कार्ड चिकटवतो: तारीख, आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये), बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस, बदललेले भाग, सही. हे कार्ड ही माझी कल्पना असून ते भरून घेण्यासाठी मी प्रत्येक टेक्निशियनशी वाद घातलेला आहे. या घरातले कार्ड आमची मुदत संपल्यानंतरही तितक्याच शिस्तीने भरलेले होते, आणि अक्षर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच होते. ज्याने हे यंत्र बसवले, तो मुलगा पगाराच्या वादावरून आमच्याकडून निघून गेला होता. या घरी जाणे मात्र त्याने थांबवले नव्हते. यंत्रावर आमच्या दुकानाचे स्टिकर तसेच होते, फक्त खालच्या नंबरावर मार्करने काट मारून त्याचा नंबर लिहिलेला होता.

काम वाईट होते असे मला म्हणता येत नाही. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर वेळेवर बदललेले होते, कुठेही गळती नव्हती, टाकी आतून स्वच्छ होती. बोअरच्या पाण्याचा टीडीएस 1450 आला आणि फिल्टरच्या पाण्याचा 610. कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करून, साठलेले पाणी सोडून देऊन पुन्हा मोजले, तरी आकडा हलला नाही. म्हणजे दोष मेंब्रेनचाच, क्षार गाळणाऱ्या पडद्याचाच. चांगले मेंब्रेन नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार अडवते, हे जेमतेम अठ्ठावन्न टक्के अडवत होते. बाहेर काढले तर त्यावर ना कंपनीचे नाव, ना क्रमांक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा 500 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतले जाते, त्यामुळे 610 म्हणजे काही विष नव्हे. परंतु त्यासाठी यंत्राला वीज आणि पाणी खाऊ घालण्याचेही कारण नव्हते. कार्डाच्या पहिल्या ओळीत बोअरचा आकडा 980 होता. तेवढ्या पाण्यावर हेच मेंब्रेन साधारण 410 दाखवत राहिले असते आणि कोणाच्या जिभेला काही कळले नसते. पाण्याची पातळी खाली गेली, क्षार वाढले, आणि स्वस्तातला माल उघडा पडला. कार्डावरच्या शेवटच्या तीन ओळींत बाहेरच्या पाण्याचा रकाना कोरा होता, यावरून त्यालाही हे ठाऊक असावे असे मला वाटते.

काकूंनी त्याला फोन केला आणि तो खरोखरच आला. मला पाहून तो थबकला, पण पळाला नाही. ग्राहक पळवल्याचे मी त्याला स्पष्ट सुनावले. त्यावर तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या शीटमध्ये हे घर बंदच हाय. बंद घर मी कसं पळवलं?” स्टिकरबद्दल विचारल्यावर मात्र त्याच्यापाशी उत्तर नव्हते. मेंब्रेनचा विषय काढला, तेव्हा गुरुजीच मध्ये पडले: स्वस्तातले टाक, असे त्यांनीच त्याला सांगितले होते. माल स्वस्तातला घ्यायचा आणि खात्री कंपनीची मागायची, ही आमच्या ग्राहकांची जुनी खोड आहे, आणि त्यात शिकलेले-न शिकलेले असा भेद मी कधी पाहिलेला नाही. पण गुरुजींचे पुढचे बोलणे मला खोडता आले नाही. “तुमच्या दुकानात फोन केला की तक्रार नोंदवली म्हणतात, अन् चार दिवस कोणी फिरकत नाही. ह्यो सांगितल्या दिवशी येतो.” आमचे संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. ते पुण्याच्या मुलाच्या नंबरावर जात होते, आणि घरच्यांनी पाहून घेतले असेल असे समजून तो ते पुसून टाकत होता.

मालकांचा पहिला विचार पोलिसांत जाण्याचा होता. नाव आमचे वापरले असल्यामुळे तो राग मला समजतो, पण तक्रारीसोबत ग्राहकाचा जबाब लागला असता, आणि गुरुजींनी तो दिलाच नसता. उरलेली यादी मी पुन्हा फोन करून तपासली, तेव्हा अशी आणखी काही घरे निघाली, आणि कोणाचीही तक्रार नव्हती. कारागिरांचे पगार थकवून सॉफ्टवेअरचे भाडे वेळेवर भरणाऱ्या दुकानात याहून वेगळे काही सापडायला नको होते, हे मी मालकांना सांगितले आहे आणि ते त्यांना आवडलेले नाही.

माझा खरा गुंता रकान्यांचा आहे. आमचे टप्पे नीट पाहिले, तर त्यांत ग्राहकाने काय केले याची नोंद फार थोडी असते. कोटेशन दिले ते आम्ही, आठवण पाठवली ती आम्ही, गप्प बसलो तेही आम्हीच, आणि तरी टप्पा मात्र ग्राहकाचा म्हणायचा. आता मी वेगळे लिहू लागले आहे: स्वतःहून घरी बोलावले, पाणी तपासून घेतले, भाव कमी करायला सांगितला, मुलाचा नंबर दिला, शेजाऱ्याला आमचे नाव सांगितले. ‘बंद’ लिहायचे असेल तर कारण लिहावेच लागते: घर सोडले, यंत्र विकले, जारचे पाणी लावले, दुसरा माणूस येतो. ‘उत्तर नाही’ हे कारण मी काढून टाकले आहे. याने काम वाढले असून टेक्निशियन कुरकुर करतात.

गुरुजींनी नवे मेंब्रेन आमच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतले आणि ते त्याच मुलाने बसवावे अशी अट घातली. बाहेरच्या माणसाने बसवल्यास वॉरंटी देणार नाही, असे मालक आधी म्हणाले, आणि मग गुरुजींकडे पाहून तयार झाले. बाहेरच्या पाण्याचा आकडा 120 आला. तो कार्डावर माझ्यासमोर लिहायला लावला आणि स्टिकरही काढायला लावले. गुरुजींसाठी मी ‘फक्त सुटे भाग’ असा नवा रकाना उघडला आहे. तो मासिक अहवालात मोजला जात नाही, म्हणून सॉफ्टवेअरवाला काढून टाकायला सांगतो, आणि त्या घराला एएमसीमध्ये दाखवा असे मालक म्हणतात. मी अजून दोघांचेही ऐकलेले नाही.