खाऊचे शंभर रुपये

तंजावर, बुधवार, रात्री

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. उशाशी शंभराची नोट ठेवली आहे. चारात दुमडलेली, घडीच्या कोपऱ्याला कुंकू लागलेलं. संध्याकाळपासून तिच्यापलीकडे काही सुचत नाहीये.

पाचच्या सुमाराला मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वराच्या, गेले. इथून चालत वीस-पंचवीस मिनिटं. रिक्षा करायची नव्हतीच. तोवर फरशी पाय ठेवण्याजोगी निवली होती, आणि दोनशे फुटांच्या वर गेलेलं ते शिखर उतरत्या उन्हात मधासारखं दिसत होतं. तिकीट नाही, घाई नाही, मी अगदी खुशीत होते. नंदीपाशी पोचले तर कानावर मराठी आलं.

"अगंबाई, एवढ्या मोठ्या देवाला वैरण तरी किती लागायची!"

मला हसू फुटलं आणि मी सापडले. यात्रा कंपनीची बस आली होती. सगळी मंडळी साठीच्या पुढची, गळ्यात एकसारखी ओळखपत्रं. नंदीला वैरण विचारणाऱ्या काकूंनी माझा दंडच धरला.

"मराठी का गं तू? कुणाबरोबर आलीस?"

"एकटीच आलेय."

"एकटीच? आणि जेवतेस कुठे? काय खाल्लंस आज?"

दहीभात, म्हटलं. खरंच दहीभात खाल्ला होता आणि आवडीनं खाल्ला होता. पण काकूंनी ऐकलं ते वेगळंच. बाहेर आल्यावर हिरवळीवर बसवून त्यांनी डब्यातलं धपाटं माझ्या हातावर ठेवलं, वर दाण्याची चटणी. अजून एक घे, अजून एक घे. त्यांच्या माणसानं बसकडे चला म्हणून हाक मारली, तशी त्यांनी कमरेचा बटवा काढला. "खाऊला ठेव." मी नको नको म्हणतेय तोवर नोट माझ्या मुठीत, आणि मुठीवर त्यांचा हात. मग त्या गेल्या.

मी बेचाळीस वर्षांची आहे. दर महिन्याला पगार घेते. स्वस्तात फिरते ती परवडत नाही म्हणून नव्हे, हे मला काकूंना सांगायचं होतं. जनरलचा डबा, सरकारी बस, केळीच्या पानावरचा भात, आणि रात्री वहीत पै-पैचा हिशेब. दिवसाचा खर्च ठरलेल्या आकड्यात बसला की मला जो आनंद होतो तो मी आजवर कुणाला पटवू शकलेले नाही. दादाला तर नाहीच. ते राहू दे.

पण कशी दिसले असेन मी? सॅकचा पट्टा सुतळीनं शिवलाय, कुर्ता दांडीवर वाळवलेला, उन्हानं तोंड रापलेलं. काकूंना कीव आली असणार. एका लॉजवर एकट्या बाईला खोली देत नाही म्हणाले, ते मी सोडून दिलं. या लॉजवर "सिंगल?" असं विचारून गल्ल्यावरच्या माणसानं माझ्या मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं, तेही सोडून दिलं. अपमान पचवता येतो मला. ही नोट पचत नाही. सगळं विचारपूर्वक, हौसेनं उभं केलेलं असताना एका म्हाताऱ्या बाईला पाच मिनिटांत माझ्यात पोरकेपण दिसलं, आणि ते नाहीच असं या क्षणी मला छातीठोकपणे म्हणता येत नाहीये.

खाऊला म्हणून याआधी शेवटचे पैसे मला कुणी दिले होते ते आठवतंय. त्यावर आज लिहिणार नाही.

गुरुवार, दुपारी

सकाळी पुन्हा देवळात गेले. तिथल्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, देवनागरीत. तंजावरच्या भोसल्यांपैकी सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरवून घेतला. तो बघायचा म्हणून तर तंजावर धरलं होतं. बोट फिरवत बराच वेळ अक्षरं लावली. पण मन त्यात रमेना. ते ओढलं गेलं मुख्य देवळाच्या जोत्यावरच्या आणि आवाराच्या भिंतीवरच्या, मला न वाचता येणाऱ्या तमिळ ओळींकडे. त्यांत काय आहे ते वाचून आले होते.

राजराज चोळानं 1010 मध्ये हे देऊळ पुरं केलं आणि हुकूम दिला, की आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतर देणाऱ्यांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. कोणी किती सोनं दिलं त्याची वजनंसुद्धा आहेत. मला थांबवलं ते घेणाऱ्यांच्या यादीनं. दुसऱ्या देवळांतून इथे आणलेल्या चारशे नर्तकी. एकेकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, कुठल्या आळीतलं कितवं घर तिला दिलं, आणि वर्षाला तिचा वाटा शंभर कलम भात (कलम हे तिकडचं धान्याचं माप). त्यांना इथे यायचं होतं का, ते कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आणि त्यांचं ते मेहनतान्याचं होतं, माझं तसं नाही, हेही कळतं. तरी त्या ओळींपाशी उभं असताना एवढं दिसत होतं, की ज्या देवळाच्या दगडांवर राजाचं देणं त्याच देवळाच्या दगडांवर त्यांचं घेणं. हजार वर्षं उघड्यावर आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

नोट हुंडीत, म्हणजे देवळाच्या दानपेटीत, टाकावी असं कालपासून मनात होतं. हुंडीपाशी गेलेही. मग वाटलं, ही पळवाट आहे. देऊन टाकलं की मी पुन्हा देणारी होणार, आणि काकूंचा हात माझ्या मुठीवर होता तो मिटवून टाकल्यासारखं होणार. त्यांना कीव आली असेल तर येऊ दे. निघताना पोरीच्या हातावर काहीतरी ठेवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. माझा पगार विचारून त्या ते करणार नव्हत्या, आणि सांगितला असता तरी नोट परत बटव्यात गेली नसती.

बाहेर येऊन पोंगल खाल्लं, वर तुपात तळलेले काजू होते. एक मेदूवडा. कॉफी दोनदा घेतली, डबरा म्हणतात त्या पितळी वाटीत ओतून फेस आणून देतात ती. एरवी एकदाच घेते. काकूंच्या पैशांतलं थोडं उरलं, ते वेगळं ठेवलं नाही, पाकिटात मिसळलं.

वहीत आजवर फक्त खर्च होता. आज समोरच्या पानावर लिहिलं: जमा, काकूंकडून, खाऊला, 100. नाव विचारलं नव्हतं, त्यामुळे काकूच.

संध्याकाळच्या गाडीनं कुंभकोणम. तिथून दारासुरमच्या देवळाकडे बस मिळते. तिथे कुणी पुन्हा दंड धरून बसवलं तर मी नको म्हणणार आहे का, हे अजून माझं ठरलेलं नाही.