तुम्ही विचारलंत म्हणून: इतकं गुणी पीक, मग सगळे का लावत नाहीत?

भरडधान्यांविषयी बोलायला लागलं की हा प्रश्न हमखास येतो. कमी पाण्यात येतात, उन्हात तग धरतात, हलक्या जमिनीतही निभावून नेतात. मग उष्ण प्रदेशातले सगळे शेतकरी हीच पिकं का घेत नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात शंका असते, की एवढं चांगलं असतं तर एव्हाना लावलंच असतं. शंका रास्त आहे. माझं उत्तर असं, की शेतातली लढाई या पिकांनी बरीचशी जिंकलेली आहे. घोडं अडतं ते कापणीनंतर.

आधी शेतातलं बघू. बाजरी, ज्वारी, नाचणी, राळा, कोद्रा ही सगळी सी-४ पिकं; भात आणि गहू सी-३. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून पानं अन्न बनवतात, त्याच्या या दोन पद्धती. उष्णता वाढली की सी-३ पानं कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन जास्त पकडू लागतात आणि केलेली कमाई वाया जाते. सी-४ पानं कार्बन डायऑक्साइड आत एका जागी दाटीने गोळा करतात. त्यामुळे ही गळती जवळजवळ थांबते, आणि पानांवरची रंध्रं फार उघडी ठेवावी लागत नसल्याने पाणीही वाचतं.

पण एवढ्यावर भागत नाही. मकाही सी-४च आहे, तरी तुरा येण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली तर कणसात दाणे भरत नाहीत. बाजरी इथे वेगळी वागते. तिला फुटवे येतात, आणि ते सगळे एकाच वेळी फुलोऱ्यावर येत नाहीत. मुख्य कणीस पावसाच्या खंडात सापडलं, तरी मागून येणारे फुटवे पुढच्या सरीवर काही ना काही पदरात टाकतात. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला साहेलचा पट्टा आहे. बाजरी मूळची तिथलीच. तिथल्या अनेक जुन्या वाणांची खुबी तर याहून भारी. पाऊस लवकर येवो की उशिरा, पेरणी मागेपुढे होवो, रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय ती फुलत नाहीत. त्यामुळे दाणा भरतो तो पाऊस सरत असताना: फार लवकर नाही, की भिजून बुरशी लागावी, फार उशिरा नाही, की ओल संपावी. हवामानशास्त्राचं नावही नसताना शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बी निवडून हे साधलं.

मात्र सगळी भरडधान्यं एका टोपलीत घालू नका. बाजरीला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, सावा ते बराच सोसतो. नाचणीला बाजरीपेक्षा जास्त पाऊस लागतो. आपल्याकडे पाऊस नेमका कसा बिघडतो आहे, दडी मारतो की एकदम कोसळतो, हे न बघता दिलेला ‘भरडधान्यं लावा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. शिवाय ऊन सोसणारं पीक रोगालाही दाद देत नाही, असं नसतं. भारतात एचबी-३ हे बाजरीचं संकरित वाण जोरात पसरलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केवडा रोगाने बसलं. आफ्रिकेत टारफुला हे मुळांवर जगणारं तण आणि पाखरांचे थवे यांनी कित्येक शेतं धुऊन नेली आहेत.

आता कापणीनंतरचं, म्हणजे माझ्या मते खरं दुखणं. बाजरी, ज्वारी आणि नाचणी मळली की दाणा सुटतो. कोद्रा, वरी, सावा, राळा यांच्या दाण्याला मात्र घट्ट टरफल असतं, कोद्र्याचं सर्वांत चिवट. दाणा बारीक, त्यात लहानमोठा. यंत्र जरा कमी लागलं तर टरफल राहतं, जास्त लागलं तर कणी होते. भाताची गिरणी इथे फारशी कामाची नाही. जवळपास योग्य यंत्र नसेल तर कांडण उरतं, आणि ते बहुतेक ठिकाणी बायकांच्याच वाट्याला येतं. घरात दुसरं धान्य सहज मिळत असताना ते कोण आणि कशाला करील?

बाजरीची अडचण वेगळी. तिच्यात सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो. दळलं की दाण्यातली विकरं (एन्झाइम) त्याला भिडतात आणि काही दिवसांतच पीठ कडवट, खवट लागू लागतं. दाणा नीट वाळवला तर कितीतरी टिकतो, पीठ टिकत नाही. गव्हाचं पीठ दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने राहतं. बाजरीचं परत आलं की दुकानदार पुन्हा मागवत नाही. दळण्याआधी दाण्याला उष्णता दिली तर विकरं थंडावतात, पण त्यासाठी यंत्र आणि इंधन लागतं, म्हणजे खर्च आलाच.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. पोषणाचा गाजावाजा भरपूर झाला, टरफलाविषयी त्या मानाने कमी.

आणि ज्याच्याकडे खात्रीचं पाणी आहे, भाताला हमखास गिऱ्हाईक आहे, तो भात लावतो तेव्हा त्याचा हिशेब चुकलेला नसतो. पाणी आणि खत मिळालं तर भाताचं एकरी उत्पन्न बहुतेक भरडधान्यांच्या पुढे जातं. त्याला पटवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. पावसावरच अवलंबून असलेल्या आणि मधले खंड सोसणाऱ्या शेतकऱ्याला बाजरी जरूर सुचवतो. कोद्रा किंवा राळा विचारला, तर आधी टरफल काढायचं यंत्र किती लांब आहे ते विचारतो आणि मग बियाण्याकडे वळतो.