अर्धा कप चहा

नाताळ संपला, गोठ्यातले पुतळे कापसात गुंडाळून माळ्यावर गेले की मला अजून आमच्या पॅरिशच्या मागच्या हॉलची आठवण येते. वसईकडचं आमचं गाव, चर्चच्या मागे पत्र्याचा लांब हॉल, आणि तिथे दरवर्षी जानेवारीतल्या एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या दुसऱ्या प्रार्थनेनंतर, व्यसनमुक्ती मंडळाचा मेळावा. मंडळ छोटंसंच, दारू सोडलेली पंचवीस-तीस माणसं, त्यांच्या घरचे, एक फादर, दोन सिस्टर. जानेवारीतच का ठेवायचे तर दारू सोडलेल्याला सगळ्यात जड जाणारे दिवस तेव्हा नुकतेच संपलेले असतात, नाताळ, थर्टी फर्स्ट आणि लग्नांचा सीझन. आमच्याकडे लग्नात ग्लास पुढे करणं म्हणजे पाहुणचार, आणि नको म्हणणाऱ्याला दहा जण आग्रह करणार, त्यातून जो कोरडा बाहेर पडला त्याचं कौतुक नको का करायला.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सातवीत होते. पप्पांनी दारू सोडून चार महिने झालेले. आई मला किचनमध्ये सोडून बाकीच्या बायकांबरोबर आतल्या खोलीत गेली आणि चहाचं काम माझ्याकडे आलं. किचन सांभाळणाऱ्या मावशींनी ट्रे हातात देताना सांगितलं, "पुढच्या दोन बाकांना अर्धाच कप द्यायचा हं बाय, भरून नको." मला वाटलं दूध कमी आहे. मग पुढच्या बाकावरच्या एका काकांनी कप उचलला आणि बशी अशी वाजायला लागली की ते लाजून कप परत खाली ठेवायला लागले, पण चहा काही सांडला नाही, अर्धाच होता ना. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिले काही दिवस अंग नुसतं थरथरतं, घाम येतो, झोप उडते, काहींना फिट येते, भास होतात. म्हणून वर्षानुवर्षं पिणाऱ्याला घरी कोंडून दारू सोडवू नये, डॉक्टरच्या नजरेखाली सोडवावी, हे मला पुस्तकातून नंतर कळलं, आधी त्या बशीच्या आवाजातून कळलं. पुढचे दोन बाक नवीन माणसांचे. मंडळात मान सगळ्यात नव्या माणसाला, वीस वर्षं सोडलेले मागे उभे राहायचे.

आमच्या भागात या कामाचा विषय निघाला की फादर जो परेरांचं नाव येणारच. १९८१ साली बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं, ज्यांना घरच्यांनी आणि देवळानेही सोडून दिलं होतं अशा माणसांसाठी. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांबरोबर योगासनं पण आली. एका पाद्र्याने योग शिकवायचा यावर काही जणांची कुरकुर असते, मला मात्र ते फार आवडतं, ज्या शरीराचे इतके हाल केले त्याच शरीराशी आधी समेट. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि त्या बारा पायऱ्या पण अशाच ठिकाणाहून आलेल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये कॅल्व्हरी चर्चचं एक मिशन होतं, रस्त्यावरच्या बेवड्यांसाठी, तिथे १९३४ च्या शेवटी एक शेअर बाजारातला माणूस पिऊनच पोचला होता. पुढच्या वर्षी तोच माणूस ओहायोतल्या अॅक्रन गावी एका पिणाऱ्या सर्जनला भेटला, दोघं तासन् तास बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. उपदेश नाही काही नाही, एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याला आपली गोष्ट सांगायची, बस्स. आमच्या हॉलमध्ये तेच चालायचं. नुसतं पहिलं नाव सांगायचं, मी मद्यपी म्हणायचं, आज कितवा दिवस ते सांगायचं. एक काका ठाण्याच्या जेलमधून सुटून आलेले, पिऊन केलेल्या मारामारीत सात वर्षं गेली होती. जेलमध्ये प्रार्थनेला जाणाऱ्या व्हॉलंटियरांनी त्यांना मंडळात आणलं. गावात कोणी भाड्याने खोली देईना, शेवटी फादरांनी हॉलच्या बाजूची स्टोअररूम रिकामी करून दिली आणि चर्चच्या चाव्यांचा जुडगा त्यांच्याच कमरेला लावला. त्यांच्या शेअरिंगमध्ये दरवर्षी तो जुडगा यायचा. कमरेचा काढून सगळ्यांना दाखवायचे आणि मग त्यांना पुढे बोलताच यायचं नाही.

मग बर्थडे, म्हणजे दारू सोडल्याचा वाढदिवस. एक वर्ष, पाच वर्षं, बारा वर्षं, प्रत्येकाला केक आणि नाणं, नाणं द्यायला बायको नाहीतर मुलं पुढे जायची. जेवायला फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, बॉटल मसाल्यातलं चिकन, आणि येणाऱ्यांपैकी कोणीतरी घरची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणायचंच.

दुपारी नाटक, आणि नाटक दरवर्षी एकच, बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला, धाकटा मुलगा वाटणी उधळून घरी परततो, बाप त्याला जवळ घेतो आणि घरीच राबलेला मोठा भाऊ रुसतो. धाकटा मुलगा व्हायला सगळे तयार, डुकरांपुढच्या शेंगा खाण्याचा सीन तर काय रंगवायचे, बाप व्हायला पण तयार, झगा अंगठी जोडा सगळं आणून ठेवलेलं असायचं. मोठा भाऊ मात्र कोणाला नको. एका वर्षी मंडळातल्या एका मुलाला बळेच उभं केलं, तो वाक्य विसरला, आणि तेवढ्यात खालून लाल लुगडं नेसलेल्या एका आजींनी बसल्या जागेवरून म्हटलं, "इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, मला साधं करडू पण दिलं नाही." हॉल एकदम गप्प. मग बायकांच्या बाजूने हुंदके यायला लागले, माझी आई पण. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की जो घरीच राहिला, ज्याने शेत राखलं, पोरांची फी भरली, रात्री दार उघडलं, तो मोठा भाऊ म्हणजे या बायका. आतल्या खोलीत त्यांची अल-अनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांची, मीटिंग व्हायची, हे १९५१ पासून जगभर चालतंय, तिथे त्या काय बोलायच्या ते आईने कधीच सांगितलं नाही, पण तिथून बाहेर आली की ती रस्त्याने गुणगुणायची. त्या वर्षापासून मोठ्या भावाचं काम बायकाच करायला लागल्या आणि फादरांनी बापाचं ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं, जे माझं ते सगळं तुझंच आहे.

मी अकरावीत असताना पप्पा घसरले. चार नाणी झालेली, पाचवं पुढच्या सप्टेंबरात मिळायचं होतं आणि नाताळच्या आठवड्यात एका चुलत भावाच्या लग्नात कोणीतरी म्हटलं एक घे, काय होतं. त्या वर्षी ते मेळाव्याला येणार नाहीत असंच आम्हाला वाटलं होतं. जेलवाले काका घरी आले, अंगणात उभे राहिले, म्हणाले चल रे उशीर होतोय. बस्स एवढंच म्हणाले. पप्पांनी शर्ट बदलला.

ते पुढच्या बाकावर बसले. नववा दिवस. मावशी मला म्हणाल्या, "तू मागे बघ, पुढचं मी देते." मी म्हटलं नको, मीच देते. अर्धा कप ओतला, त्यांच्यासमोर धरला, त्यांनी कपाकडे बघितलं मग माझ्याकडे, आणि बशी वाजायला लागली. मी बशी खालून धरून ठेवली. चहा संपेपर्यंत आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

मग नाव पुकारलं, पप्पा उठले, नववा दिवस म्हणाले, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली सगळी जुनी माणसं इतक्या जोरात टाळ्या वाजवायला लागली की पत्रा दणाणला. बारा वर्षांच्या बर्थडेला पण एवढ्या नव्हत्या वाजल्या. आई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. मी ट्रे उचलला, मागच्या बाकांना अजून चहा पोचला नव्हता.