प्लिमथवर ठिपक्यांची रांगोळी: कुठवर आलं काम

लॅपटॉप सुरू होताना पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोग्राम म्हणजे प्लिमथ. त्यातली डेबियन या लिनक्सची ठरावीक थीम काढून तिथे ठिपक्यांची रांगोळी आणायचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय. जुनं थिंकपॅड, इंटेलचं ग्राफिक्स, १९२० बाय १०८० चा पडदा, डेबियन १२ आणि एन्क्रिप्ट केलेली डिस्क. यातली डिस्क सगळ्यात महत्त्वाची. एसएसडीवर बूट इतकं झटपट उरकतं की स्प्लॅश, म्हणजे हे सुरुवातीचं चित्र, निवांत बघायला मिळतो तो डिस्कचा पासवर्ड देण्याच्या वेळीच. मग डिझाइनची सुरुवातही तिथूनच केली. एक कळ दाबली की एक ठिपका पडतो, पासवर्ड देऊन झाला की ठिपके रेघांनी जुळू लागतात. ठिपके पाच बाय पाच, म्हणजे २५. त्यापुढच्या कळांना पडद्यावर काही होत नाही, आणि मागून बघणाऱ्याला पासवर्डची लांबी तेवढी कमी कळली तर बरंच आहे.

थीम प्लिमथच्या स्क्रिप्ट मॉड्यूलवर लिहिली आहे. २००८ साली फेडोरा १० मध्ये प्लिमथ पहिल्यांदा आलं. स्क्रिप्टची भाषा साधी आहे, जावास्क्रिप्ट थोडीफार वाचता येत असेल तर एका बैठकीत समजते. चित्र म्हणजे इमेज, ते पडद्यावर ठेवायचं म्हणजे स्प्राइट, आणि सेकंदाला ५० वेळा बोलावलं जाणारं रिफ्रेश फंक्शन. पासवर्ड विचारताना स्क्रिप्टमधलं जे फंक्शन बोलावलं जातं (कॉलबॅक), त्याला दोनच गोष्टी मिळतात: प्रॉम्प्टचा, म्हणजे विचारणेचा, मजकूर आणि आतापर्यंत किती अक्षरं झाली तो आकडा. पासवर्ड बरोबर की चूक, हे प्लिमथला कळत नाही, फक्त विचारणा संपली एवढंच कळतं. त्यामुळे विचारणा पुन्हा आली की आधीच्या रेघा पुसून ठिपके शून्यावर आणायचे, एवढं स्क्रिप्टमध्ये स्वतः सांभाळावं लागतं.

सगळ्यात जास्त विचार खाल्ला तो मराठी मजकुराने. ‘कुलूप उघडा’ एवढे दोनच शब्द हवे होते. स्क्रिप्टमधून थेट मजकूर लिहायची सोय आहे, पण तो रंगवायला लेबल प्लगइन आणि फॉन्ट दोन्ही इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे मुख्य डिस्क उघडण्याआधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल-संचात, असावे लागतात. देजावू फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणजे नुसते चौकोन. फॉन्ट आत घालता येतो, पण नव्या आवृत्त्यांमध्ये अक्षरं जुळवून मांडणाऱ्या पँगोऐवजी नुसती अक्षरं रंगवणारं फ्रीटाइप थेट वापरणारं हलकं लेबल प्लगइनही आलंय. ते अक्षरामागे अक्षर ठेवत जातं. जोडाक्षरं जुळवणं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणं हे त्याचं कामच नाही. आपल्या लिपीला ही जुळवाजुळव, म्हणजे शेपिंग, लागतं, ते नसेल तर वाचणाऱ्याचे हाल. मी सरळ इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये, ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांच्या ‘मुक्त’ फॉन्टमध्ये शब्द लिहून पीएनजी काढली. प्रॉम्प्टमधून येणारा इंग्रजी मजकूर दुर्लक्षित करायचा आणि त्या जागी हे चित्र दाखवायचं. प्लिमथच्या आधी येणाऱ्या ग्रब या बूट मेन्यूमध्ये देवनागरीची तीच रड आहे, तिथे तर मी नादच सोडला. मेन्यू लपवला, टाइमआउट कमी केला, ग्राफिक्स पेलोड ‘कीप’वर ठेवला (म्हणजे ग्रबचाच पडद्याचा मोड पुढे चालू राहतो), बस.

रेघांसाठी आधी पूर्ण पडद्याच्या फ्रेम्सचा विचार होता. पण थीम इनिटरामएफएसमध्ये जाते, पीएनजी आधीच दाबलेली असल्याने तिथे आणखी आकसत नाही, आणि प्रत्येक कर्नलचं इनिटरामएफएस वेगळं असल्याने दोन-तीन कर्नल ठेवले की बूट पार्टिशन फुगतं. रांगोळीचा सममितपणा इथे कामी आला. एकाच पाकळीचं चौरस चित्र काढलं आणि स्क्रिप्टच्या रोटेटने काटकोनात फिरवून चार केल्या. स्प्राइटची ओपॅसिटी शून्यापासून एकपर्यंत हळूहळू वाढवली की रेघ उमटल्यासारखी वाटते. वेग बूट प्रोग्रेसच्या आकड्यावर बांधलाय. तो आकडा मागच्या बूटला किती वेळ लागला त्यावरचा अंदाज असतो, त्यामुळे अपडेटनंतरच्या बूटला रांगोळी थोडी पुढे-मागे होते. मला चालतं. नुसतं गोल फिरणारं चक्र बघण्यापेक्षा शंभर पट बरं.

चाचणीसाठी दर वेळी रीबूट करू नका. प्लिमथ-एक्स११ पॅकेज टाकलं की एक्स११ वर चालणाऱ्या डेस्कटॉप सेशनमध्ये थीम खिडकीत दिसते. रूट म्हणून प्लिमथडी (प्लिमथचा मागे चालणारा भाग) सुरू करा, शो-स्प्लॅश द्या, आस्क-फॉर-पासवर्डने विचारणाही उठवता येते, बघून झालं की क्विट. सगळं जमलं की मगच थीम डिफॉल्ट करताना कॅपिटल आरचा पर्याय द्या, म्हणजे इनिटरामएफएस त्यातच नव्याने बांधलं जातं. आणि काही अडकलंच तर एस्केप दाबून मागचे संदेश वाचता येतात.

प्लिमथच्याही आधी दिसणारा कंपनीचा लोगो फर्मवेअरचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचा, आहे. प्लिमथची बीजीआरटी थीम तोच लोगो फर्मवेअरच्या बीजीआरटी नावाच्या तक्त्यातून उचलून वापरते. काही थिंकपॅडमध्ये तो बदलायची सोय असते, पण २०२३ च्या डिसेंबरात लोगोफेल जाहीर झालं. फर्मवेअरमधल्या लोगो वाचणाऱ्या कोडमध्येच भोकं होती. तेव्हापासून मला फर्मवेअरच्या लोगोला हात लावावासा वाटत नाही.

आता शटडाउन बाकी आहे. स्क्रिप्टच्या गेटमोड फंक्शनवरून बूट की शटडाउन ते कळतं, तेव्हा रेघा उलट क्रमाने पुसायच्या असा बेत आहे. पण बंद होताना वेळ फारच कमी मिळतो, म्हणून पाकळ्या एकेक न पुसता चारही एकदम विरवून बघणार आहे.