तुम्ही विचारलंत म्हणून : दुबार पेरणीची वही

लातूरच्या आडत बाजारात मी दिवाणजी आहे. दिवसभर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या लिहायच्या आणि संध्याकाळी मोबाईलवर चार-पाच वायद्यांचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाच्या आजच ठरणाऱ्या सौद्यांचे, बंद भाव बघून एका दोनशेपानी वहीत उतरवायचे, हा बारा वर्षांचा शिरस्ता. ही वही कुणाच्या तरी नजरेला पडली आणि तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही एकच प्रश्न येतो, "दिवाणजी, ते ट्रेंड फॉलोइंग म्हणतात, त्यानं खरंच पैसा होतो का हो?" परवा एका ओळखीच्या गुरुजींनी विचारलं. निवृत्तीचे पैसे नुकतेच खात्यावर आलेत त्यांच्या. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

होतो. पण पुढं "महिन्याला साधारण किती?" असं विचारणार असाल, तर नाही होत.

कृषी विभाग दर जूनला घसा फोडून सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. यात पाऊस पडेल का याचा अंदाज कुठं आहे? पडला का, एवढंच बघायचं. ट्रेंड फॉलोइंग, म्हणजे भाव ज्या बाजूला चाललाय त्याच्या मागं जायचं, तेही तसंच. माझा नियम साधा आहे. मागच्या २० दिवसांतल्या सगळ्यात वरच्या भावाच्या वर बंद आला की घ्यायचं, १० दिवसांच्या तळाखाली गेला की सोडायचं. मंदीत हेच उलटं, आधी विकायचं आणि मग घ्यायचं. भाव का चढला हे विचारायचं नाही. नियम माझ्या डोक्यातला नाही, जगजाहीर आहे. शिकागोच्या रिचर्ड डेनिस या सटोडियानं १९८३ साली पेपरात जाहिरात देऊन माणसं गोळा केली, दोन आठवडे शिकवलं आणि असल्याच नियमांवर त्यांच्या हातात पैसा दिला. त्यातल्या बऱ्याच जणांनी रग्गड कमावलं. आणि खुद्द डेनिसला १९८७ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर मोठा फटका बसला, दुकान आवरावं लागलं. लोक पहिली गोष्ट सांगतात, दुसरी गिळतात.

आता अडचण कुठं आहे ते सांगतो. शंभर मिलिमीटर मोजून पेरलं तरी पुढं वीस दिवस उघाड पडतेच की. बियाणं जातं, खत जातं. मग दुबार पेरणी. कधी तीही जाते. वायद्यात भाव २० दिवसांच्या वर येतो, आपण घेतो, आणि चौथ्या दिवशी तो मान टाकतो. माझ्या वहीत दहातले सहा-सात सौदे असे आहेत. छोटा तोटा, छोटा तोटा, बरोबरी, छोटा तोटा. २०१८ मध्ये सलग अकरा तोटे लिहिलेत. त्या पानावर चहाचा डाग आहे. तो कप मीच आपटला होता. बायको म्हणाली, "एवढ्यात नवा कूलर आला असता."

हे सगळं भरून काढतो एखादा-दुसराच सौदा. वर्षात एक, कधी दोन वर्षांत एक. तो हातचा घालवला तर बाकी वही नुसती रद्दी. आणि मी तो घालवलाय.

२०२० च्या दिवाळीच्या सुमारास नियमानं सोयाबीनच्या वायद्यात शिरलो, क्विंटलला सव्वाचार-साडेचार हजारांच्या दरम्यान. भाव चढत गेला. फेब्रुवारीत पाच हजारांच्या जरा वर होता, तेव्हा मालक म्हणाले, "दिवाणजी, आलेला नफा खिशात टाका, लक्ष्मीला नाही म्हणू नये." घराचा स्लॅब टाकायचा होता. वहीत सोडायची खूण नव्हती, तरी सोडलं. पुढं ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं. मी रोज पट्टीवर तो आकडा लिहीत होतो. हात लिहीत होता, पोटात काय होत होतं ते विचारू नका. अकरा तोटे मी नियमानं सोसले होते. नफाच तेवढा सोसवला नाही.

त्यात त्या डिसेंबरात शेअर-वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीन, हरभरा, मोहरी धरून सात शेतमालांचे वायदे बंद केले. एकाच पिकावर बसलेल्याचा खेळ एका रात्रीत संपला. म्हणून हे काम करणारे मोठे फंड सोनं, तेल, चलनं, रोखे, धान्य असे पन्नासेक बाजार एकदम धरतात. २००८ आणि २०२२ साली शेअर पडत असताना त्यांनी कमावलं, पण मधली कित्येक वर्षं ते नुसते दुबार पेरणी करत बसले होते. आपल्याकडं एवढे बाजार धरायला तेवढं भांडवल लागतं. मी तीन धरतो, तेही सगळ्यात लहान लॉटचे, म्हणजे एका सौद्यात कमीत कमी माल येतो असे.

गुरुजींचा मुलगा आठवड्याचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला घ्यायचा-विकायचा आठवडाभराचा हक्क, घेतो आणि त्यालाच ट्रेंड म्हणतो. त्याचा ट्रेंड पाच मिनिटांचा असतो. सेबीनं २०२४ च्या सप्टेंबरात २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांचा हिशोब मांडला, त्यात वायदे-ऑप्शन करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी शंभरातल्या ९३ जणांचं नुकसान, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. गुरुजींना हे सांगितलं तर म्हणाले, "उरलेल्या सातांत असेल की तो." शिक्षक माणूस, गणिताचा!

तसं बघितलं तर हा नियम वायद्यापेक्षा आमच्या घरीच जास्त कामाला आला असता. मोठ्या भावाची औशाकडं शेती. २०२२ च्या एप्रिलात सोयाबीन सात हजारांच्या पुढं होतं. मी म्हटलं, "दादा, काढा." दादांच्या डोक्यात दहा हजार बसलेले. नंतर भाव एकेका तळाखाली उतरत गेला आणि दादांचे कट्टे थप्पीला तसेच. दर वर्षी नवा माल जुन्याच्या शेजारी. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि मोंढ्यात माल त्याच्याही खाली जात होता. मी पडत्या भावाची पानं दाखवली. दादांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, आणि म्हणाले, "हे कागदावर ठीक आहे रे, पण एकदा दहा झालेला भाव पुन्हा होणार नाही कशावरून?"

आणि खरं सांगू, मला तोंड उघडायचा तसा हक्क नव्हता. स्लॅब माझ्याच डोक्यावर होता.

गुरुजींना मी एवढंच सांगितलं, की वही घरी न्या, अकरा तोट्यांचं पान आधी वाचा आणि मग मुलाशी बोला. चार दिवसांनी परत द्यायला आले. चहा घेतला. त्या डागाच्या पानाबद्दल एक शब्द नाही. उठताना म्हणाले, "ते पाच हजाराला सोडलं नसतं, तर किती झाले असते हो?"