कापसाची तार, काचेखाली

अमळनेर, मार्गशीर्ष. रात्री साडेनऊ.

आज सगळी दुपार दोन बोंडांत गेली. आप्पांच्या शेतातून आणलेली, एक टपोरं फुटलेलं, एक किडकं, अर्धवट उमललेलं. सरकीवरचे चार-दोन तंतू सोडवून पाण्याच्या थेंबात ठेवले. कव्हरस्लिप, म्हणजे वर ठेवायची पातळ काच, एका कडेनं टेकवून हळूच सोडावी लागते, नाहीतर बुडबुडेच बघत बसा.

उभी नोकरी कापसाची प्रत ठरवण्यात गेली. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही चिमटींत धरून तार ओढायची, लांबी नि ताकद बोटांनीच ओळखायची. चांगला कोणता ते कळायचं. का चांगला, ते निवृत्तीनंतर मायक्रोस्कोप घेतल्यावर दिसायला लागलं.

आधी ४ चं भिंग, मग १० चं. डोळ्याजवळचं १० चं धरून १०० पट. टपोऱ्या बोंडाचा तंतू म्हणजे पिळलेली चपटी फीत. पीळ एकाच बाजूला नाही, मध्येच उलटा फिरतो. किडक्याचा तंतू पातळ, दुमडलेला, पीळ नावालाच. असल्याच तंतूंच्या सुतात गाठी होतात आणि रंगही नीट बसत नाही.

इंचभर लांबीचा हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी, सरकीच्या सालीतून वाढलेली! बोंड फुटेपर्यंत आत रस असतो. ऊन लागलं की नळी सुकून चपटी होते, पीळ घेते. त्या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं.

मग माझ्या 'शुद्ध कॉटन' सदऱ्याचा धागा उसवून पाहिला. निम्मे तंतू सरळसोट, गुळगुळीत. पॉलिएस्टर. दुकानदाराला काय बोलणार!

हॉलंडातल्या डेल्फ्टचा लेवेनहूकही मुळात कापडाचाच व्यापारी. सतराव्या शतकात त्यानं स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यातले जीव पाहिले. आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून जरा जास्तच जवळचा वाटतो.

संध्याकाळी आप्पा आले. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग किडका तंतू दिसला. म्हणाले, "हाई ते व्यापारी बी वयखस!" हे तर व्यापारीही ओळखतो म्हणे. खरंच आहे.

उद्या कच्च्या केळ्याच्या गरावर आयोडीनचा थेंब टाकायचाय. पिठाचे कण निळे-काळे होतात म्हणे. भाजीची केळी हिनं आधीच मोजून ठेवलीत.